शेजारची सीट

धाकट्याचा फोन आला की मला आधी वारा ऐकू येतो, मग धाकटा. त्याच्या घरात फोन लागत नाही. घरामागच्या वाळूच्या उंचवट्यावर चढून, वाऱ्याकडे पाठ करून तो बोलतो, आणि बोलतो तेही वाऱ्याबद्दलच. आज दक्षिणेचा आहे, काल फिरला होता, उद्या पडेल. मी म्हणते, "अरे, तू कसा आहेस ते सांग." तर म्हणतो, "मी आहे की." सख्ख्या भावाशी बोलतेय की बातम्या ऐकतेय, तेच मला कळत नाही.

समुद्रात दूरवर शिरलेल्या वाळूच्या पट्ट्याच्या टोकाला हवामान खात्याचं ठाणं आहे. धाकटा तिथे नोकरीला होता. भरती, ओहोटी, वारा, पाऊस, सगळ्याची नोंद ठेवायची आणि कळवायची. मग तिथे आपोआप चालणारं यंत्र बसलं आणि धाकट्याला घरी बसायला सांगितलं. त्याची बायको त्याआधीच आजारपणात गेली होती. राहतं क्वार्टर दुसऱ्या कुणालाच नको होतं, म्हणून तो तिथेच राहिला. तिथे जायला रस्ता नाही. एक बोट जायची, तीही मनात आलं तर.

मागच्या थंडीत त्याचा फोन आला. वाऱ्याचं सांगून झाल्यावर म्हणाला, "बोट बंद झाली."

"बंद झाली म्हणजे?"

"म्हणजे आता येत नाही. मासेमारीवाले जाता-येता पीठमीठ टाकतात."

"आणि तू?"

"मी आहे की."

मी फोन आपटला. मोबाईल आपटून काही होत नाही, आपलाच जीव जळतो.

खरं सांगायचं तर मला तो घरी हवा होता. मला दोन खोल्या पुरतात आणि घरात चार आहेत. जेवणाचं टेबल चार माणसांचं आहे आणि मी ओट्यापाशी उभ्याने जेवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मला घाबरणारंही कुणी उरलेलं नाही. पूर्वी मी बाजारात शिरले की दुकानदार काटे पुसायला लागायचे. आता तेच मला आजी म्हणून पिशवी उचलून देतात. संध्याकाळी सगळ्या खोल्यांतले दिवे लावते, मग बिलाचं मनात येऊन विझवते. दिवसभरात कुणाशी बोलले नाही हे अनेकदा झोपताना, घसा खाकरल्यावर लक्षात येतं.

मग त्याला ये म्हणायचं की नाही? म्हटलं होतं. वहिनी गेली तेव्हा एकदा म्हटलं होतं, "माझ्याकडे ये राहायला." तो म्हणाला, "बघू." विषय तिथेच संपला. आमच्या घरातली रीतच तशी. पाहुण्याला वाढतानासुद्धा एकदाच विचारायचं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे लाचारी, असं आमचे वडील म्हणायचे, आणि आम्ही दोघं भावंडं त्यांच्यापेक्षा चार पावलं पुढे. लहानपणी धाकट्याने माझ्याकडे सायकल मागितली, मी नाही म्हणाले. तर पठ्ठ्या वर्षभर चालत शाळेत गेला, पण पुन्हा मागितली नाही. मीही आपणहून दिली नाही. त्यामुळे आता मी विचारणं शक्य नव्हतं आणि तो सांगणं शक्य नव्हतं. राहिलं काय, तर स्वतः जाऊन उभं राहायचं. त्यासाठी वाळूवरून चालणारी गाडी हवी होती.

गावाबाहेर गोदामांच्या मागे एकाचं गॅरेज आहे. त्याला सगळे खुडबुड्या म्हणतात, कारण चालू गाडीसुद्धा त्याला उघडून बघावीशी वाटते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या जुन्या गाड्या तो आणतो, जुळवतो आणि विकतो. त्याच्याकडे तेव्हा दोन होत्या. एक लांबलचक, पांढरी, चामड्याच्या सीटची, टपावर दिव्यांची रांग. दुसरी फिकट हिरवी, दोन दारांची, पत्र्याच्या डब्यासारखी चौकोनी. पुढे दोन सीट आणि मागे सामानापुरती जागा.

"पांढरी चांगली दिसतेय," मी म्हणाले.

"दिसतेय," तो म्हणाला.

मी पर्समधून चुंबक काढलं. तराजूच्या तळाशी चुंबक चिकटवून ठेवणारे दुकानदार मी जन्मभर पकडले; आपलं चुंबक नेलं की लपवलेलं सापडतं. ती सवय अजून सुटलेली नाही. पांढरीच्या दाराखालच्या पट्टीला चुंबक लावलं, तर घसरून खाली पडलं. पुढे लावलं, पुन्हा पडलं. पत्रा गंजून गेलेला आणि त्या जागी नुसती पुट्टी भरून वर रंग. खुडबुड्या हसायला लागला. "मॅडम, तुम्ही माझं दुकान बंद करणार." हिरवीला चुंबक जिथे लावलं तिथे चिकटलं, एका दाराचा कोपरा सोडला तर. मग त्याने मला तिच्या खाली सरपटायला लावलं आणि सांगाड्यावर हातोडीने टकटक करून दाखवलं. आवाज खणखणीत येत होता.

"समुद्राचं मीठ गाडी खालून खातं," तो म्हणाला. "वरून दिसत नाही. दिसतं तेव्हा वेळ गेलेली असते. आणि दुसरं म्हणजे वाळूत ताकद लागत नाही, हलकेपणा लागतो. जड गाडी रुतते. मग ताकदीने चाक जितकं फिरेल तितकं आणखी खाली जातं."

वजनाचं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. हिरवी मी घेतली आणि तिचं नाव डबी ठेवलं.

त्यानंतरचे दिवस माझे फार बरे गेले, हेही सांगायला हवं. सकाळी उठून जायला ठिकाण होतं. खुडबुड्या काम करायचा आणि मी स्टुलावर बसून चुका काढायचे. त्याने जरा रुंद, मऊ बाजूंचे टायर बसवले. वाळूत शिरताना त्यातली निम्मी हवा सोडायची, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी वाळूवरून चालते, वाळूत घुसत नाही. परत घट्ट रस्त्यावर आलं की हवा भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप. चाकांच्या दांड्यांना हवा घ्यायच्या नळ्या असतात, त्या लांब करून वर बॉनेटपाशी नेल्या, नाहीतर पाणी आत शिरतं. पोटाला मेणासारखं तेल फासलं. मी म्हणाले, छपरापर्यंत जाणारं ते धुराड्यासारखं नळकांडं नको का? तर म्हणाला, "ते बुडायला निघालेल्यांसाठी. आपण पाण्यापासून लांब राहायचं."

पुढे आणि मागे त्याने जाड हूक बसवले. "रुतलात तर दुसऱ्या गाडीने ओढायला."

"तिकडे दुसरी गाडी नसेल."

"मग कुणी ढकलायला?"

"कुणीच नसेल."

त्याने डोकं खाजवलं आणि मग सगळं तसंच जमवलं. चाकाखाली सरकवायच्या दोन खाचांच्या फळ्या, आखूड दांड्याचं फावडं, जॅक, आणि जॅक वाळूत बुडू नये म्हणून खाली ठेवायचा लाकडी पाट. एकट्या बाईला उचलता येईल अशी प्रत्येक वस्तू. ती रांगेत मांडलेली बघून मला एकदम कसंतरी झालं. घरातही माझं सगळं तसंच आहे.

आता हे सामान ठेवायचं कुठे? मागे ठेवलं तर मागची चाकं रुतणार. वजन मधोमध हवं.

"शेजारची सीट काढ," मी म्हणाले.

खुडबुड्या थांबला. "येताना भाऊ असतील ना बरोबर?"

"तो येणार नाही."

"विचारलंत?"

"एकदा विचारलंय."

"कधी?"

"तुला गाडी दुरुस्त करायची आहे की माझं घर?" मी म्हणाले.

मला खात्री होती असं नाही. मला भीती होती. मी सीट ठेवून जायचं, त्याने ती बघायची आणि "मी इथेच बरा आहे" म्हणायचं, आणि मग ती रिकामी सीट शेजारी घेऊन तेवढं अंतर परत यायचं, हे मला सोसलं नसतं. त्यापेक्षा नसलेली बरी. हे मी बोलून दाखवलं नाही. सीट भंगाराच्या काट्यावर ठेवून वजन तेवढं केलं. सतरा किलो. "बघ," मी म्हणाले, "सतरा किलो फुकट वाहून न्यायचे."

तिच्या जागी लोखंडी पेटी बसवली. पहिल्याच चकरेला ती बोल्टांवर इतकी खडखडली की माझं डोकं उठलं. "वेल्ड करून टाक."

"वेल्ड केली तर ग्राइंडरशिवाय सुटायची नाही हां."

"सोडवायचीय कुणाला?"

धाकट्याला मी फोनवर सांगितलं की अमुक दिवशी येतेय, तुझ्यासाठी सामान आणतेय. मग त्याने मला ओहोटीची वेळ सांगितली. कुठून वाळूत उतरायचं, ओली घट्ट वाळू कुठे असते, ओढा कुठे ओलांडायचा, सगळं समजावलं. इतकं तो माझ्याशी एका दमात कधी बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, "गाडी मोठी आहे का?"

"पुरेशी आहे," मी म्हणाले.

सकाळी मी निघाले. रस्ता संपतो तिथे चारही टायरांची हवा सोडली आणि डबी खाली घातली. ब्रेक दाबायचा नाही, एकदम वळायचं नाही, एका चालीने जायचं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वाळूचे उंचवटे, पुढे काही नाही. बराच वेळ तसं गेलं की माणूस मोठ्याने बोलायला लागतो. मी डबीशी बोलायला लागले. ओढ्यापाशी मला अक्कल सुचली आणि मी गाडी थांबवून पाण्याची खोली बघायला उतरले. परत येऊन बघते तर मागची चाकं बसलेली. पेटीतून फावडं काढलं, वाळू उपसली, फळ्या सरकवल्या, आणि डबी भुरकन बाहेर आली. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. ऐकायला समुद्रपक्षी होते, तेही उडून गेले.

धाकटा उंचवट्यावर उभा होता. मला बघून हात वगैरे काही हलवला नाही, पण खाली आला तो जवळजवळ धावतच. कंबर धरूनच धावत होता. दोन वर्षांपूर्वी ती धरली तेव्हापासून तो जमिनीवर बसला तर उठवायला माणूस लागतो. दाढी घोटलेली, शर्ट इस्त्री केल्यासारखा ताठ, पायात बूट. तिथे हा बारा महिने अनवाणी असतो.

"बूट कसले घातलेस?" मी खाली उतरत म्हणाले. "माझ्या स्वागताला?"

"असेच."

मी वाकून टायर बघायला लागले. ओढ्यात काही कापलं तर नाही ना, ही मला काळजी. तेवढ्यात पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग दार अगदी हळू लावलं गेलं.

"पेटी भक्कम बसवली आहे," धाकटा म्हणाला.

"वेल्ड केलीय. खडखडत होती."

"चांगलं केलंस. ये, चहा घे."

घर आतून लख्ख होतं. मी त्याला चिडवलंही, की वहिनी असताना एवढं आवरलं असतंस तर. तो हसला. चहासाठी त्याने कप काढले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. ते कागद त्याने घडी करून खिशात ठेवले. आम्ही खिडकीपाशी चहा प्यालो. तो वाऱ्याबद्दल बोलला. मी टायरांबद्दल बोलले.

मग मी आणलेलं पीठ आणि साखर लावायला कपाट उघडलं. कपाट रिकामं होतं. शेजारचं उघडलं, तेही रिकामं. भांडी ओट्यावर पालथी, गादी गुंडाळून दोरीने बांधलेली, मागच्या खिडक्यांना आतून खिळे ठोकलेले. आणि दाराच्या मागे एक बॅग आणि वहिनीचा फोटो, टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या पट्ट्यात नीट खोचलेला.

मी पिठाची पिशवी हातात धरून उभी राहिले. वजनमापे खात्यात उभा जन्म गेला माझा, लोकांनी झाकलेलं शोधण्यात. आणि घर बंद करून बूट घालून उभा असलेला माणूस मला दिसला नव्हता.

"धाकट्या," मी म्हणाले.

"मी सहज आवरत होतो, ताई."

"तू येणार होतास."

"नाही गं. मी कुठे येणार."

मी बाहेर धावले. पेटीतला सगळ्यात मोठा पाना घेतला आणि त्या पेटीवरच बडवायला सुरुवात केली. वेल्ड चांगली होती, खुडबुड्याची होती, तिला साधा पोचा आला नाही. मी फळ्या बाहेर फेकल्या, फावडं फेकलं. "मागे बस," मी ओरडले. "गादी घालते, मागे आडवा पड."

"ताई, माझ्या कंबरेला नाही सोसणार. तुलाही माहीत आहे."

"मग मी मागे पडते, तू चालव!"

"मला येत नाही चालवायला," तो म्हणाला, आणि मला रडू फुटलं. त्याने फेकलेल्या फळ्या एकेक करून उचलल्या, वाळू झटकली आणि आत ठेवल्या. मग पाण्याकडे बघितलं. पाणी बघणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम होतं. "नीघ आता. पाणी फिरलं. ओढा भरायच्या आत पलीकडे जा."

"मी सीट घेऊन येते. पुढच्या मोठ्या ओहोटीला येते."

"ये की," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी डबीशी एक शब्द बोलले नाही.

परतले ती थेट गॅरेजवर. खुडबुड्याने ग्राइंडर काढला आणि पेटी कापायला घेतली. सीट त्याने भंगारात टाकली नव्हती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आतल्या खोलीत ठेवली होती, आणि तिचे चारही बोल्ट पिशवीत घालून तिलाच बांधले होते. मी त्याच्यावर चिडले. "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सांगितलं की. तुम्ही माझ्यावर ओरडलात."

पुढच्या मोठ्या ओहोटीला मी गेले. सीट पुसून घेतली होती, मागे त्याच्या कंबरेसाठी उशी ठेवली होती. घरी त्याची खोली आवरली होती, पलंगावर नवी चादर घातली होती. ओढ्यापाशी या वेळी थांबले नाही.

दोरीवर कपडे वाळत होते. मागच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. धाकटा पायरीवर बसून मासा साफ करत होता, अनवाणी. मला बघून त्याने हात धुतले आणि उभा राहिला. मी पलीकडचं दार उघडलं आणि आमच्या घरात कुणी केलं नव्हतं ते केलं.

"माझ्याकडे ये राहायला," मी दुसऱ्यांदा म्हणाले. "एकटीला नाही होत रे मला आता."

तो सीटकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता. "त्या दिवशी निघालो होतो, ताई. मनाने निघालो होतो. रात्रभर एकेक वस्तूचा निरोप घेतला. पुन्हा मांडायला खूप दिवस लागले. आता पुन्हा नाही उपटवत."

"माझ्यावर राग आहे?"

"तुझ्यावर कसला राग. तू विचारणार नाहीस आणि मी सांगणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं."

तो आत बसला. सीट मागे सरकवली, उशी नीट केली, पट्टा लावला. "बरी आहे," म्हणाला. "चल, मला तो समोर दिसतो त्या खडकापर्यंत ने. मी कधी गाडीतून बघितला नाही हा किनारा."

मी त्याला खडकापर्यंत नेलं. काच खाली करून तो हात बाहेर काढून बसला होता, शाळकरी पोरासारखा. जाताना तो मला सांगत होता, वाळूचा रंग कुठे बदलतो, कुठे गाडी घालायची नाही. आम्ही खडकाला वळसा घातला आणि परत आलो. त्याने पट्टा काढला, उतरला, आणि दार लावलं ते या वेळी चांगलं धाडकन लावलं.

"परत ये," तो म्हणाला. त्याने मला असं याआधी कधीच म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबीचं मीठ धुवायला मी गॅरेजवर गेले. खुडबुड्याने आत डोकावून बघितलं. सीट मागे सरकवलेली होती, उशी दबलेली होती, खाली पायाशी वाळू होती.

"आले वाटतं भाऊ?"

"आला होता," मी म्हणाले. "खडकापर्यंत."

त्याने पाण्याचा पाइप खाली ठेवला. "मग सीट काढू परत? वाळूत वजन नको, मॅडम. सतरा किलो आहे ती."

"माहीत आहे मला किती आहे ते," मी म्हणाले. "राहू दे."